तीनशे बारा पियानोंची एक फाईल

सासरे चाळीस वर्षं पियानो सुरात लावत आले होते. जातील तिथल्या पियानोचा आवाज टेप करायचे, आतल्या तारांचे फोटो काढायचे, प्रत्येक पट्टीची कंपनं मोजून ठेवायचे. आता निवृत्त होताना हा सगळा ठेवा परगावच्या सोबत्याला द्यायचा होता. तोही पियानोच लावायचा. पण आवाज एका डिस्कवर, फोटो दुसरीवर, आकडे भलतीकडेच.

सून प्रोग्रॅमर. ती म्हणाली, "बाबा, सगळं एकाच फाईलमध्ये बसवून देते."

आधी तिने आवाज आणि फोटो अक्षरांत बदलून एका लांबलचक मजकुरात कोंबले. फाईल फुगून टम्म झाली. ती उघडेपर्यंत सासऱ्यांचा चहा पिऊन कप विसळूनही व्हायचा.

मग तिने फाईलची स्वतःचीच मांडणी रचली. हवा तो पियानो पापणी लवायच्या आत हजर! ती खुर्चीसकट गोल फिरली.

"ही उघडायला तुझाच प्रोग्रॅम लागणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो, मग?"

"मी लावलेला पियानो उद्या कुणीही येऊन लावू शकतो, पोरी. तारा पिळायची किल्ली लावणाऱ्या सगळ्यांकडे असते."

तिचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस ती फुरंगटून होती. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने तिने एक छोटा डेटाबेस निवडला. सगळा मिळून एकच फाईल, आणि वाचायची साधनं जगभर फुकट मिळणारी.

भरणं सुरू झालं. सासरे शेजारी येऊन बसले. "आणि मध्येच वीज गेली तर?"

"काही होत नाही म्हणतात."

"म्हणतात?" असं म्हणून त्यांनी सरळ कॉम्प्युटरची वायरच उपटली.

"अहो बाबा!" ती किंचाळली. घाईघाईने वायर खोचून तिने कॉम्प्युटर परत सुरू केला. दोनशे चार पियानो जिथल्या तिथे होते. अर्धवट लिहिलेला दोनशे पाचवा तेवढा नव्हता.

"अर्धवट काही ठेवतच नाही!" ती हरखून म्हणाली.

"गुणी आहे," सासरे म्हणाले आणि वायर स्वतःच्या हाताने नीट घट्ट बसवली.

फाईल पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडे कुणी बोलेचना. नुसता पियानोचा एक खर्जातला सूर घुमला.

"उघडली!" सोबती ओरडला. "माझ्या जुनाट डबड्यावर, तुझ्या सुनेला काही न विचारता!"

सासऱ्यांनी सुनेची पाठ थोपटली आणि स्पीकर चालू केला. "आता सातवा लाव. त्याची वरची पट्टी ऐक, कशी खिदळते ते!"

जेवण निवून गेलं तरी तिघं ऐकत होते. एकोणचाळिसावा चालू होता.