चारशे शिपायांची विचारपूस

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही," किन्तुलेफ म्हातारा म्हणाला, "पण माझ्या आईनं चारशे शिपायांची फौज तीन दिवस नदीकाठी खिळवून ठेवली होती. भाला नाही, बंदूक नाही. नुसती तब्येत विचारून!"

पेवेनच्या उंच झाडांखाली नातवंडं खायच्या बिया वेचत होती. फौज आली तेव्हा इथं ओसाड वाळवंट होतं, चिटपाखरूही नव्हतं, असं ती आजच सरकारी शाळेत शिकून आली होती.

"मग आपण कुठून उगवलो?" धाकट्यानं विचारलं.

"सांगतो. राजधानीतल्या बड्या लोकांना गुरं चारायला आपली कुरणं हवी होती. माणसं नको होती. म्हणून फौज निघाली. तंबू जाळले, मेंढ्या हाकून नेल्या, बाप्यांना गोळ्या घातल्या आणि पोरं शहरातल्या घरांत धुणीभांडी करायला वाटून टाकली. आपल्या वस्तीत चाळीस पोरं होती. खिंडीपलीकडं गेली तरच वाचणार. आणि खिंड तीन दिवसांवर."

त्या वेळी किन्तुलेफ सात वर्षांचा होता. आईबद्दल जुनी माणसं मागून काय कुजबुजायची, ते त्याला ठाऊक होतं. या पोरांच्या कानांवर ते कधी जाऊ नये, त्यांच्या लेखी ती शहाणीच राहावी, एवढ्यासाठी त्याची ही सगळी खटपट.

"आईनं पोरांना मागच्या वाटेनं खिंडीकडं पिटाळलं. सगळ्यात पुढं मी, घोडीचं शेपूट धरून. आणि ती एकटी कॅप्टनला सामोरी गेली. पाहुणा दारात आला की आधी काय करायचं?"

"विचारपूस!" पोरं ओरडली.

"ती अर्धी सोडून उठायचं?"

"छे! लाज जाईल!"

"तेच. आईनं दुभाष्याला मधे घेतलं आणि सुरू झाली. 'बाबा, वडील बरे आहेत ना?' 'वारले,' कॅप्टन म्हणाला. 'अरेरे! कशानं? त्यांचा घोडा कुणी घेतला? आईला झोप लागते का?' त्याचा पुढचा एक दात सोन्याचा. प्रत्येक उत्तराला हसायचा आणि दात लखकन चमकायचा. त्याचं गणगोत संपलं, तशी आई शिपायांकडं वळली. चारशे आया, चारशे गावं, कुणाची गाय आटलेली, कुणाची बहीण पळालेली! दुभाष्याचा घसा बसला. तोफेच्या तोंडात चिमणीनं घरटं केलं, पिल्लंसुद्धा उडून गेली."

"तीन दिवसांत?"

"घाईची चिमणी होती रे! मधे मधे बोलू नको."

"आणि शिपाई कंटाळले नाहीत?"

"जायचे की अधूनमधून, घोड्यांना पाणी दाखवायला. दहा जण डावीकडून, वीस जण उजवीकडून..." म्हातारा अडखळला. हे सांगायचं नव्हतं. त्यानं घाईघाईनं पुढचं ओढलं. "तर तिसऱ्या दिवशी शेवटच्या शिपायाच्या मावशीचे गुडघेही विचारून झाले. तोवर चाळीसच्या चाळीस पोरं खिंडीपार! आईनं पदर झटकला आणि रमतगमत आमच्या मागून आली. वस्तीत माणूसच उरला नव्हता, तर फौजेला दिसणार कुठून? मास्तर म्हणतो ते अगदीच खोटं नाही."

पोरं हसली. अकरा वर्षांची वांग्लेन तेवढी हसली नाही. दातात धरलेली बी तिनं हातात काढून घेतली.

"आजोबा, तू घोडीचं शेपूट धरून पुढं होतास ना?"

"सगळ्यात पुढं!"

"मग कॅप्टनचा दात तुला चमकताना कुणी दाखवला? तू खिंडीत गेलाच नाहीस. कुणीच गेलं नाही. पणजीची विचारपूस संपायची वाट बघत तुम्हीच सगळे तिच्यामागं उभे होता, आणि तेवढ्या वेळात शिपायांनी तुम्हाला दोन्हीकडून घेरलं."