मिश्रणाची खोली

भुवनेश्वरी कारखान्यांच्या सुरक्षेची तपासणी करायची. रसायनांचे नवे नियम लागू झाल्यापासून तिच्या तेरखेड्याच्या चकरा वाढल्या होत्या. वरून आलेल्या पत्रात दोनच ओळी होत्या : नियमांची काटेकोर अंमलबजावणी करावी, आणि लघुउद्योगांना सर्वतोपरी सहकार्य करावे. ही दोन्ही कामं एकाच माणसानं कशी करायची, ते पत्रात नव्हतं.

नूरुन्निसाच्या फटाक्यांच्या कारखान्यावर ती तिसऱ्यांदा आली होती. कारखाना म्हणजे माळावरच्या चार पत्र्याच्या खोल्या. नवरा वारल्यापासून नऊ वर्षं नूरुन्निसाच तो चालवत होती. अकरा बाया तिथं भुईनळे भरायच्या. दारूचं मिश्रण करायची खोली आता बाकीच्या खोल्यांपासून लांब हवी होती, म्हणून नूरुन्निसानं जुनी पाडून अगदी कुंपणाला टेकून नवी बांधली होती.

टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचा कारखानदार रामकिसन आला. भुवनेश्वरीनं टेप ताणला. पुन्हा ताणला. अंतर दोन मीटर कमी भरत होतं.

"दोन मीटरचं काय घिऊन बसता मॅडम?" रामकिसन म्हणाला. "पुरं लिवा. दिवाळी तोंडावर आलीय."

सकाळपासूनचा हा पाचवा कारखाना होता. पाठ उन्हानं भाजली होती. लिहून टाकावं, असं तिला खरंच वाटलं. तिनं पेनचं टोपणही काढलं.

"तसं लिवू नका," नूरुन्निसा म्हणाली. "माझ्या जावंचा हात गेला, तवाबी कागदावर सगळं पुरंच हुतं."

रामकिसननं टेप सोडून दिला.

"मग काम बंद ठेवावं लागेल, चाची," भुवनेश्वरी म्हणाली.

"म्हाईत हाय."

"बायांना काय सांगणार?"

"तेच तर कळंना झालंय."

भुवनेश्वरी पायरीवर बसली. कुंपणापलीकडं रामकिसनचा खडकाळ माळ मोकळा पडला होता. त्याची स्वतःची मिश्रणाची खोलीही अजून मंजूर झाली नव्हती. दोघांत मिळून त्या माळावर एकच खोली बांधा, असं तिनं सुचवलं. एक दिवस त्यानं वापरायची, एक दिवस हिनं.

"आन् कायी झालं तर? माझ्या जमिनीत हाय म्हणून माझ्याच डोक्यावर!"

"ज्याचा दिवस, त्याची जबाबदारी. तसं लिहून घेऊ."

रामकिसन बराच वेळ नाही-नाहीच करत राहिला. शेवटी नूरुन्निसाकडं बघत म्हणाला, "आपा खोटं लिवू देत न्हायती, तर त्यांच्यासंगं जमंल माझं."

फाइल वरच्या कार्यालयात गेली आणि शेरा घेऊन परत आली : एका खोलीला दोन परवानेधारक, अशी तरतूद नाही. भुवनेश्वरीनं उत्तर लिहिलं. फाइल पुन्हा परत आली. मग ती स्वतः नकाशा घेऊन गेली, दोन दिवस बाकड्यावर बसली. मंजुरी मिळाली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

खोली बांधून जानेवारीत उघडली. अकरापैकी सात बाया आल्या. चौघी ऊसतोडीला गेल्या होत्या आणि त्या कधी परततील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नूरुन्निसानं कुणाला बोल लावला नाही. भुवनेश्वरीला तेच जास्त जड गेलं.

भिंतीवर सूचना लावणं सक्तीचं होतं, पण छापील तक्ता इंग्रजीत होता. मराठीतला यायचा होता, कधी ते माहीत नव्हतं. तिनं रंगाचा डबा मागवला आणि स्वतःच लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत 'ज्वलनशील' लिहिलं.

"आमच्या बायांना हे न्हाय कळायचं," मागून नूरुन्निसा म्हणाली.

"मग काय लिहू?"

"पेट घेतंय, आसं लिवा."

भुवनेश्वरीनं फडक्यानं तो शब्द पुसला. अजून सहा ओळी बाकी होत्या. "सांगा चाची, पुढं काय लिहू?" ती म्हणाली.