लाल फडक्यापलीकडे

"सावकाश उतर. आलं आपलं राज्य."

त्याने मोटारसायकल फाटकापाशी उभी केली आणि बायकोपुढे हात धरला. एका हाताने त्याचा खांदा आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट धरून ती खाली उतरली. सातवा महिना सरत आला होता, आता उतरणं हेसुद्धा एक कामच झालं होतं. फाटकाच्या कडीला लाल फडकं बांधलेलं पाहून ती थबकली.

"अहो, फडकं आहे की."

"मीच बांधलंय काल. मला कोण अडवतंय?"

लाल फडकं म्हणजे बागेत औषध मारलंय, फडकं सुटेपर्यंत कोणी आत शिरायचं नाही. तेवढे दिवस राखणदार आपलं कुत्रं घेऊन दुसऱ्या बागेवर जायचा. फळं तोडणाऱ्या बाया यायच्या नाहीत, मालकाची गाडी फिरकायची नाही. एवढी मोठी संत्र्याची बाग, हिरवीगार, आणि आत चिटपाखरू नाही. खरोखरच नाही, एक चिमणीसुद्धा नाही. पण ते त्या दोघांच्या कधी ध्यानात आलं नाही.

ओळीच्या शेवटच्या झाडाखाली त्याने चादर अंथरली. तिने चपला काढून गवतात पाय पसरले.

"वास येतोय हो."

"वाळलंय आता. वास काय, मला तर घरीही येतो. तुला माझा येत नाही का?"

"तुमचा येतो. सवय झालीय." ती हसली. मग वर लटकलेल्या फळाकडे बघत म्हणाली, "एखादं तोडू?"

"छे! फळाला हात लावायचा नाही. फडकं असतं ते त्यासाठीच. आपला डबा आणलाय ना? तोच खायचा. उद्या कोणी म्हणायला नको, ढग्याने फळं चोरली."

त्याला सगळे ढग्याच म्हणत. मिसरूड फुटल्यापासून तो फवारणीच करत आला होता. पाठीला पंप अडकवून तो ओळीत शिरला की त्याच्याभोवती पांढुरका ढग उठायचा आणि त्या ढगातून नुसती शीळ ऐकू यायची. तोंडाला कापड बांधणाऱ्याला बाकीचे फवारणीवाले "काय नवरीबाई, लाज वाटते का?" म्हणून हैराण करत, म्हणून कोणीच बांधत नसे. औषधाच्या दुकानदाराने एकदा सगळ्यांदेखत पिंपात कोपरापर्यंत हात घालून ढवळून दाखवलं होतं. "बघा, मला काही होतंय का?" मग तो आत गेला आणि कातडी सोलून निघेल इतका वेळ साबणाने हात धूत बसला. ते मात्र कोणाला दिसलं नाही.

"पोरगा झाला तर पाठीला पंप देऊन टाकू," तो आडवा होत म्हणाला.

"आणि पोरगी झाली तर?"

"तर बाग देऊ."

"कोणाची?"

"आत्ता इथं कोण बसलंय? मग आपलीच."

ती पोट धरून मोठ्याने हसली. घरी ती तोंडावर हात ठेवून हसायची. इथे तिचं हसणं बागेच्या पार त्या टोकाला जायचं आणि कोणी "काय दात काढतेस" म्हणायचं नाही. मग ती पोटावर हात फिरवत सगळं दाखवायला लागायची. "हे बघ, हे झाड. हा पाट. हे तुझे बाबा, झोपले बघ लगेच."

घरी परत आलं की सासूबाई दारातच असायच्या.

"आली का स्वारी हवा खाऊन? आम्हीपण पोरं काढली बाई. आम्हाला कोणी सहली नाही घडवल्या. एवढं पोट घेऊन खड्ड्यांतून गाडीवर आदळत जायचं, हे कुठलं शहाणपण?"

"आई, नर्सबाईंनीच सांगितलंय. मोकळ्या हवेत फीर, मन आनंदात ठेव."

"तुझी नर्सबाई येणारे का निस्तरायला?"

नर्सबाईंनी सांगितलं होतं हे खरं. पण मोकळी हवा आणायची कुठून? रस्त्याला लागून दोन खोल्या, वर पत्रा, दिवसभर खडीचे ट्रक. पाण्याच्या हंड्यावरही धुळीची साय धरायची. नदीवर जावं तर तिथे पिणाऱ्यांचा अड्डा. गावात जेवढी म्हणून सावली होती ती सगळी मालकाच्या कुंपणात होती. आणि त्या कुंपणात शिरायची एकच वेळ त्याला ठाऊक होती. त्याच वेळी तो तिला न्यायचा. आपण काहीतरी मिळवलंय, चोरी न करता मिळवलंय, अशा ऐटीत न्यायचा.

मालकाची सूनही त्याच दिवसांतली होती. हंगामाची पहिली फवारणी सुरू होण्याआधी मालकिणीने त्याला बंगल्यावर बोलावलं ते बॅगा गाडीवर चढवायला. सून गाडीत बसली, मालकिणीने तिच्या पाठीमागे उशी सारली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "फवारणी उरकेपर्यंत तिकडेच राहू दे. इकडचा वारा नको तिला."

हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. बॅगांना दोरी आवळता आवळता ऐकलं. आणि त्याला हसू आलं. वारा नको म्हणे! श्रीमंतांचे नखरे. पुढच्या खेपेला बागेत चादरीवर बसून त्याने मालकिणीची हुबेहूब नक्कल केली. मान वेळावून, बोटं नाचवून, "इकडचा वारा नको गं बाई तिला!" बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

संबंध हंगामभर ते असे जात राहिले. फडकं बांधलं की दुसऱ्या दिवशी.

एक दिवस सकाळी चहा घेताना ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आज हे उठलंच नाही."

"झोपलं असेल. माझ्यावर गेलंय."

दुपारपर्यंत तिने थंड पाणी पिऊन पाहिलं, गूळ खाऊन पाहिला, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होऊन पाहिलं. तिचा चेहरा बघून तो धावत जाऊन कोणाची तरी जीप घेऊन आला.

दवाखान्यात डॉक्टरने पोटावर यंत्र लावलं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पुन्हा पहिल्या जागी आणलं. मग त्याने यंत्र पुसून ठेवलं आणि नर्सबाईंकडे बघितलं. तिच्याकडे बघितलंच नाही.

ढग्याला वाटलं, आता संपलं. पण संपलेलं नव्हतं. मेलेलं मूलही बाईला जन्मालाच घालावं लागतं, तेवढ्याच कळा देऊन, हे त्याला तिथे कळलं. तो भिंतीला डोकं लावून तिचं ओरडणं ऐकत उभा राहिला. शेवटी ओरडणं थांबलं, आणि त्यानंतर जो आवाज यायला हवा तो आलाच नाही.

मुलगी होती. डोक्यावर दाट जावळ, बोटांना नखंसुद्धा आलेली.

नर्सबाई व्हरांड्यात आल्या. त्याच्याजवळ येताच त्यांनी नाक आक्रसलं.

"हा कसला वास तुझ्या अंगाला? काम काय करतोस?"

"फवारणी. बागांवर."

"ती पण येते का बागेत?"

"कामाला नाही हो. फिरायला."

"फिरायला? कधी?"

"फडकं लावलं की बाग रिकामी असते ना. तेव्हा."

नर्सबाई बाकावर बसल्या.

"औषधानेच झालं असं कोणी तुला लिहून देणार नाही. मीही छातीठोक नाही सांगणार. पण पोटुशीला त्यापासून लांब ठेवायचं असतं, बाबा. सगळ्यांना माहीत असतं हे."

"मला नव्हतं."

"कोणी बोललं नाही कधी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"आम्हीही काय," त्या उठत म्हणाल्या, "मोकळ्या हवेत फीर एवढं सांगून मोकळ्या होतो. हवा कुठली ते कोण विचारतो?"

सगळ्यांना माहीत असतं. हे वाक्य त्याच्या डोक्यात गोमाशीसारखं घुमत राहिलं. सगळे म्हणजे कोण? दुकानदार. मालक. मालकीण. बॅगा भरल्या तेव्हा त्या घरातल्या मोलकरणीलाही माहीत असेल. उशी सारणाऱ्या हाताला माहीत होतं. दोरी आवळणाऱ्या हाताला तेवढं माहीत नव्हतं.

मुलीला माती दिली आणि तो तसाच बंगल्यावर गेला. मालक ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता.

"कळलं मला. वाईट झालं रे. थोडे दिवस घरी थांब, मग ये कामाला."

"मालक, सूनबाईंना शहरात का पाठवलं तुम्ही?"

मालकाने त्याला नीट न्याहाळलं. "तो आमच्या घरचा प्रश्न आहे."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. आमच्या घरी पण तेच दिवस होते, तेही ठाऊक होतं. मग एका शब्दाने सांगितलं का नाही?"

"आवाज खाली. सांगायचं काय त्यात? फडकं बांधतो ते शोभेला बांधतो का आम्ही? कोणी बांधलं होतं फडकं?"

"मी."

"मग?"

"मुकादम म्हणाले होते, कोणी फळ तोडून खाऊ नये म्हणून असतं ते. आम्ही एका फळाला हात लावला नाही मालक. शपथेवर सांगतो. एका फळाला नाही."

"मग जा, मुकादमाला विचार जाऊन."

मुकादम मागच्या वर्षी खोकून खोकून मेला होता. हे दोघांनाही माहीत होतं. ढग्याच्या मुठी वळल्या, आणि वळलेल्याच राहिल्या. मारून काय होणार होतं? हा माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. तो खोटं बोलत नव्हता. फडकं होतं, आणि ते त्यानेच बांधलं होतं, पक्की गाठ मारून.

"आता दुसरा माणूस बघा," तो म्हणाला.

"मिळेल की," मालक म्हणाला.

घरी बायको खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई उंबऱ्यापाशी बसून तेच ते बोलत होती. तीही रडली होती. डोळे सुजले होते तिचे. पण दुःख झालं की तिला बोलायला माणूस लागायचा आणि घरात एक सूनच होती.

"मी घसा फोडून सांगत होते. गाडीवर आदळत जाऊ नको, जाऊ नको. ऐकलं का? धक्क्यांनी गेलं पोर. सोन्यासारखं जावळ होतं म्हणे."

"हो आई," भिंतीकडून आवाज आला. "माझंच चुकलं. मीच हट्ट करायचे."

तिने कधीच हट्ट केला नव्हता. तोच न्यायचा. तो खाटेच्या कडेला बसला. ती वळली आणि अगदी हळू, सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक मात्र बरं झालं. तिने बाग तरी बघितली. घरात बसून राहिले असते तर काय बघून गेली असती ती? खडीचे ट्रक?"

गप्प राहिलं तर आईचं बोलणं हिच्या माथी जन्मभर बसणार. ही मान खाली घालून ते घेणार, आणि पुन्हा दिवस राहिले तर पुन्हा त्याच वासाला सवयीचा म्हणणार. आणि बोललं तर तिच्यापाशी उरलेली एवढी एक गोष्ट, ती बाग, तीही हातातून काढून घ्यायची. तिच्या आयुष्यात दुसरी सुखाची जागा तरी कुठे होती?

"आई, तू गप्प बस," तो म्हणाला. "गाडीने काही झालं नाही. आणि हिने काही केलं नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. आईला नाही, बायकोकडे बघून सांगितलं. नर्सबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, मालकाचं "मग?" सांगितलं. मालकिणीचं वाऱ्याचं बोलणं पुन्हा सांगितलं, या वेळी नक्कल न करता. आई उंबऱ्यावर होती तिथेच दगड होऊन बसली होती.

सगळं ऐकून बायको म्हणाली, "त्या सुनेला कुठे ठेवलं होतं?"

"शहरात. तिच्या मावशीकडे."

"लांब आहे?"

"नाही. बस जाते की. सकाळी गेलं तर संध्याकाळी परत येता येतं."

"बाग असेल तिथे?"

"सरकारी बाग आहे एक. बाकडी टाकलेली. कोणीही जाऊन बसतं."

ती छताच्या पत्र्याकडे बघत राहिली.

"मग आपण फिरायला तिकडेच गेलो असतो," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. रस्ता चुकलेला माणूस म्हणतो, डावीकडे वळायला हवं होतं, तसं ती म्हणाली.

त्याने चेहरा ओंजळीत लपवला.

बाहेर बागांच्या बाजूने फवारणीच्या यंत्राची घरघर सुरू झाली. मालकाला माणूस मिळाला होता. दुपारचा वारा सुटला आणि त्याबरोबर तो ओळखीचा वास खोलीत आला.

ती कोपरावर जोर देऊन उठली. तो "थांब, मी उठतो" म्हणेपर्यंत भिंत धरत धरत खिडकीपाशी गेलीसुद्धा. तिने एक झडप ओढली, दुसरी ओढली, कडी लावली. वरून पत्रा तापत होता. खिडकी बंद होताच खोलीत भट्टीसारखा उकाडा कोंडला.

म्हातारी उंबऱ्यावरून उठली. सुनेकडे तिने बघितलं नाही, एक शब्द बोलली नाही. घरात येऊन तिने दार आतून लावून घेतलं, दाराखालच्या फटीत पोतं दाबून बसवलं, आणि पंखा घेऊन खाटेवर परतलेल्या सुनेच्या उशाशी बसली.