सतरा नंबरची बाटली

धाकटीला प्रयोगशाळेत चिकटवली ती थोरलीनेच. साहेबांकडे चार वेळा शब्द टाकला, माझी जाऊ आहे, हुशार आहे म्हणाली. आता तीच जाऊ डोळ्यांत खुपत होती. थोरली अठरा वर्षं जंतूंचं खाणं शिजवत होती, साखर आणि क्षार मोजूनमापून. प्रयोग संपला की त्याच बाटल्या वाफेच्या भांड्यात घालून जंतू मारायचे, तेही तिनेच. एवढ्या वर्षांत खिडकीजवळचं टेबल तिला कुणी देऊ केलं नाही. धाकटी सहा महिन्यांच्या बोलीवर आली आणि पहिल्याच दिवशी तिथे बसली. घरी सासूबाई तिच्या कौतुकाचे पूल बांधायच्या ते वेगळंच. घरीही तीच आणि कामावरही तीच, म्हणजे बाईने जळायचं तरी किती?

हवेतला नायट्रोजन ओढून त्याचं खत करणारे जंतू मातीतून शोधायचे, हे धाकटीचं काम. पण हे ओढणं जंतूलाही फार जड जातं. समोर आयता नायट्रोजन आला की त्याला बरोबर कळतं, आणि मग तो कशाला राबतोय? काम तिथल्या तिथे बंद. थोरलीला हे पाठ होतं. म्हणून तर या जंतूंच्या खाण्यात ती नायट्रोजनचा कणही जाऊ द्यायची नाही, त्यांचा चमचासुद्धा वेगळा होता.

शुक्रवारी जंतूंच्या वीस जातींची, दर बाटलीत एक, अशी चाचणी होती आणि तिच्यावर धाकटीची नोकरी कायम व्हायची होती. बुधवारी थोरलीने नवसागराची बरणी उघडली आणि शिजत्या खाण्यात एक चमचा टाकला. नवसागर म्हणजे आयता नायट्रोजनच. बरं वाटलं तिला.

आयतं मिळाल्यावर जंतू असे माजले की शुक्रवारी सगळ्या बाटल्या दाट गढूळ. धाकटी म्हणाली, ताई, तुमच्या हाताला गुण आहे. थोरली भांडी विसळत राहिली.

मग धाकटीने एकेका बाटलीतली हवा सुईने काढून यंत्रात सोडली. जंतू काम करत असला की कागदावर उंच टोक उमटतं. पहिली बाटली सपाट. दुसरी सपाट. सोळाव्या बाटलीपर्यंत धाकटीचा चेहरा पार उतरला होता. सतराव्या बाटलीला मात्र टोक आलं, चांगलं वीतभर. पुढच्या तिन्ही पुन्हा सपाट. साहेब म्हणाले, तो यंत्राचा झटका असणार, तुमचा हात कुठेतरी चुकलाय, सगळं टाकून द्या. नोकरीचं सोमवारी बोलू.

बाटल्यांचा ट्रे थोरलीच्या हातात आला. तिने तो वाफेच्या भांड्यात ठेवला, झाकणाचा पहिला स्क्रू पिळला आणि तिथेच थांबली. झटका कसला? धाकटीचा हात चुकलाच नव्हता, बाकीच्या एकोणीस सपाट होत्या त्या नवसागरामुळे, आणि नवसागर तर सतराव्या बाटलीतही होता. पोट भरलेलं असून राबणारा जंतू! साहेब किती वर्षं म्हणत होते, असा एक सापडला तर खत घातलेल्या शेतातसुद्धा कामाला येईल. तो इथे होता, आणि हे सगळ्या जगात एकट्या थोरलीला ठाऊक होतं.

गप्प बसलं की धाकटी सोमवारी घरी. बोललं की थोरली घरी, आणि जंतू धाकटीच्या नावावर. पाप हिचं आणि नाव तिचं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दुसरा स्क्रू पिळला. मग शिवी हासडली, दोन्ही स्क्रू सोडले आणि बाटली घेऊन खिडकीपाशी गेली.

“यात नवसागर आहे,” ती म्हणाली. “वीसही बाटल्यांत आहे. मी घातला. तू जावीस म्हणून.”

थोरलीने थोबाडीत खायची तयारी ठेवली होती.

“किती घातलात?”

“एक चमचा.”

“चमचा नको ताई. वजन सांगा.”

“चार ग्रॅम. दोन लिटरला.”

धाकटीने ते वहीत लिहिलं. मग बाटली दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली आणि तिचा चेहरा असा फुलला की थोरली शेजारी उभी आहे हेसुद्धा ती विसरली. रागावली असती तर सोसलं असतं. अठरा वर्षं असल्या हजारो बाटल्या थोरलीच्या हातून गेल्या होत्या, पण त्यातल्या एकाही बाटलीकडे तिला असं बघायला मिळालं नव्हतं. नोकरी गेल्यात जमा होती, आणि तरी तिच्या पोटात दुखलं ते एवढ्यासाठीच.