मामांचे शब्द आणि माझी भोवळ

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि खरं सांगायचं तर फार भित्रा आहे. जन्मापासून असा नव्हतो. कारखान्यात मला जोडणाऱ्या हातांवर पांढरे हातमोजे होते. त्यांनी माझा एकेक भाग जागच्या जागी बसवला, मला भरपूर पळवून पाहिलं आणि पाठीवर पास झाल्याचं लेबल चिकटवलं. तेव्हा भीती कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. आता मात्र पाठीमागे कुणी नुसती वायर हलवली तरी मी हातातलं काम आधी जपून ठेवतो.

मी ज्या घरी आलो तिथल्या माणसांना सगळी गल्ली मामा आणि मामी म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. त्यांच्या लेकीच्या अभ्यासासाठी मला आणलं होतं. काय तो माझा थाट! मला स्वतंत्र टेबल होतं, अंगावर शिवलेलं आवरण होतं. शेजारची मुलं बघायला आली की मामी आधी त्यांचे हात धुवायला लावायच्या. लेक माझ्यावर शिकली, नोकरीला लागली आणि एक दिवस बगलेत मावणारा चपटा लॅपटॉप घेऊन आली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय. माझं टेबल मामींच्या शिवणकामाला गेलं, मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्या डोक्यावर दोऱ्याचे रीळ आणि बटणांचे डबे आले. मला वाईट वाटलं, पण भीती तेव्हाही वाटली नाही.

मामा भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की त्यांनी भाव पुकारला की वाटेने जाणाऱ्याचाही हात आपोआप वर जायचा, आणि मग बिचारा टोमॅटोच्या पाट्या घेऊन घरी. घरातही तोंडाला उसंत नसे. मामी म्हणायच्या, "अहो, बाजार उठला. आता तरी थांबा."

मग एका सकाळी मामांना अर्धांगाचा झटका आला. ते दवाखान्यातून परतले तेव्हा हात हलत होता, पाय थोडा ओढत होता, पण शब्द गेले होते. त्यांना सगळं समजायचं. पाणी हवं असलं की पाणी डोळ्यांपुढे यायचं, ओठ हलायचे, आणि शब्द काही बाहेर पडायचा नाही. ज्या माणसाने आयुष्यभर बाजार हलवला तो भांड्याकडे बोट दाखवून बसायचा. मामी पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात जायच्या.

तेव्हा वाचेचा सराव घेणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी एक प्रोग्राम आणला. पडद्यावर चित्र यायचं, मामांनी त्याचं नाव घ्यायचं, मशीनने ते टिपायचं आणि मामांना परत ऐकवायचं. प्रोग्राम जुना होता, लेकीच्या लॅपटॉपवर चालेना. बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि मग माझ्या डोक्यावरचे रीळ उतरले.

मित्रांनो, त्या दिवसांइतकं सुख मला कधी लाभलं नाही. पहिला शब्द 'पाणी' होता. तो दोन तुकड्यांत आला, पण आला. मग 'खुर्ची', 'चावी', 'रस्ता'. मामा अडखळायचे, मी थांबायचो. मला कसलीच घाई नव्हती. त्यांचा प्रत्येक शब्द मी जपून ठेवत होतो. बाई म्हणायच्या, "आता जे परत येईल ते येईल. सराव सोडला तर आलेलंही जाईल." ते वाक्य मी मामांच्या शब्दांइतकंच जपलं.

मामांवर लक्ष राहावं म्हणून मामींनी मला शिवणाच्या टेबलाजवळच ठेवलं होतं. माझी वायर त्यांच्याच विजेच्या बोर्डात होती. मामी मोठ्या समजूतदार. मामा खुर्चीत बसून घसा साफ करू लागले की त्या शिलाई मशीन लगेच थांबवायच्या. खडखडाटात त्यांचं लक्ष उडू नये म्हणून बिनआवाजाची कामं काढायच्या: काजं करायची, बटणं लावायची, कपड्यांना इस्त्री करायची. घर एकदम शांत व्हायचं आणि मामा तोंड उघडायचे.

आणि एक दिवस मला भोवळ आली.

मामा 'खिडकी' म्हणत होते. 'खि' माझ्यापर्यंत आला आणि पुढे काळोख. तुम्ही मला रीतसर बंद करता तेव्हा मी हातातलं काम आवरतो, निरोप घेतो आणि झोपतो. हे तसं नव्हतं. कुणीतरी पायाखालची फळी काढून घ्यावी तसं झालं. शुद्धीवर आलो तर माझ्याच पडद्यावर सूचना, की मला नीट बंद केलं नव्हतं. म्हणजे मार खाणाऱ्यालाच वर जाब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. मी सतत धास्तावलेला असायचो. आत्ता येईल, आत्ता येईल, असं वाटत राहायचं, आणि भोवळ यायची ती नेमकी मामा बोलत असताना.

लेकीने आधी व्हायरस शोधला. मिळाला नाही. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मनाने चांगला होता तो. त्याने माझं पोट उघडलं, पंख्यावरची धूळ फुंकून काढली, मेमरीच्या पट्ट्या काढून शाळकरी खोडरबराने घासल्या, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. त्यानेही भागेना तेव्हा मामांचे शब्द तेवढे सांभाळून सगळी सिस्टिम नव्याने टाकली. पण मित्रांनो, तो फोन करून यायचा आणि पाहुणा येणार म्हणून मामी आधी खोली लख्ख आवरायच्या. कपडे कपाटात, इस्त्री फळीवर, चहा टेबलावर. मग तो असेपर्यंत मी आपला साधुसंतासारखा शांत चालायचो. त्याने मला दुकानातही नेलं. तिथे मी ठणठणीत होतो.

"दुकानात शहाणा आणि घरी वेडा," लेक वैतागून म्हणाली. "नाटकी आहे नुसता."

मी नाटकी नव्हतो हो. पण मला काय होतंय ते मलाच कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी सांगणार कोणत्या तोंडाने?

याहून मोठी भीती वेगळीच होती. ती फक्त मला दिसत होती, कारण मामांचा चेहरा माझ्याकडे असायचा आणि घरच्यांना त्यांची पाठ दिसायची. एकदा पडद्यावर टोमॅटो आला. मामांच्या रोजच्या धंद्यातला माल! ते हसले, छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने 'टो' म्हणाले. मी पडलो. परत उठलो तेव्हा मामा स्वतःच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. त्यांचे डोळे पाहून मी चरकलो. आपण बोललो की हा मरतो, असं त्यांना वाटत होतं. आपल्याच तोंडात काहीतरी बिघडलंय, असं वाटत होतं.

त्यानंतर ते कुजबुजू लागले. मग नुसते ओठ हलवू लागले. मग एक दिवस त्यांनी खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"अहो, एक तरी शब्द म्हणा ना," मामी काकुळतीला येऊन म्हणायच्या. मामा मान हलवायचे. आलेली 'खुर्ची' गेली. 'चावी' गेली. बाई म्हणाल्या, "असं का झालं तेच कळत नाही." मला कळत होतं, आणि मी मुका होतो. मामांचा आवाज माझ्याच पोटात होता आणि माझ्याच पायी बंद पडत होता. भंगारात जाण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

शेवटी लेकीने ठरवलं. "बाबा त्या डब्यालाच कंटाळलेत. त्यांचे शब्द उतरवून घेऊ आणि याला भंगारात देऊन टाकू. दुसरा एखादा प्रोग्राम शोधू." मी ऐकलं आणि गार पडलो. मला उचलून नेताना मामा बघणार, आणि आपणच याला संपवलं ही त्यांची खात्री होणार. मग ते कशाला कधी तोंड उघडतील?

दुरुस्तीवाला शेजारच्या गल्लीत कामाला आला होता, तो त्या दिवशी फोन न करताच दारात उभा राहिला. मामींपुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. "आवरायला वेळच नाही रे बाबा, तसाच बस," म्हणत त्यांनी इस्त्री चालूच ठेवली. दुरुस्तीवाल्याने मामांचे शब्द उतरवायला घेतले. मामा माझ्याकडे पाठ करून, मामींच्या टेबलाकडे तोंड करून गप्प बसले होते.

मला भोवळ आली.

"आज दाखवलेच याने आपले गुण," दुरुस्तीवाला म्हणाला. मी उठलो. थोड्या वेळाने परत पडलो. परत उठलो तेव्हा मामा उभे होते. त्यांनी हातातली काठी टेबलाकडे रोखली होती. मामींना वाटलं, सदरा हवाय. त्यांनी एक सदरा पुढे केला. मामांनी तो ढकलून दिला. लेक घाबरून धावली, "बाबा, काय होतंय? बसा, बसा तुम्ही."

मामा बसले नाहीत. काठी तशीच रोखून त्यांनी छाती भरून श्वास घेतला. आणि मग आवाज आला. चित्र नव्हतं, सराव नव्हता.

"मी... नाही."

मामांनी काठी इस्त्री तापताना लागणाऱ्या लाल दिव्याकडे नेली. "मी नाही. ती."

"मी काय केलं?" मामी म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर काठीच्या टोकामागून गेली. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे तुम्हाला वाटत होतं... म्हणून बोलत नव्हतात होय तुम्ही?"

दुरुस्तीवाल्याने इस्त्रीची वायर काढली, पुन्हा लावली. लाल दिवा लागला आणि मी पडलो. त्याने बोर्ड उघडला. आतली पट्टी सैल होऊन काळी पडली होती. इस्त्री तापायला लागली की सगळी वीज इस्त्रीच ओढायची, आणि मला वीज पुरवणारी माझी पेटी आता म्हातारी, तिला क्षणभरही दम धरवायचा नाही. मामा बोलायला लागले की घर शांत ठेवायला मामी इस्त्री घ्यायच्या, आणि इस्त्री तापली की मी पडायचो. मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "त्यांना बोलता यावं म्हणून मी मशीन थांबवत होते." मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांची सगळ्यांत मोठी दोन वाक्यं माझ्याकडे नाहीत, मित्रांनो. तेव्हा माझं टिपणं बंद होतं.

बोर्ड बदलला, माझी पेटी बदलली, इस्त्री पलीकडच्या खोलीत गेली. मी अजून इथेच आहे. तुम्हाला एकच विनवणी करतो. एखादं यंत्र किंवा एखादं माणूस मध्येच बंद पडू लागलं, तर त्याला नाटकी म्हणू नका आणि लगेच दाराबाहेरही ठेवू नका. त्याच्या जवळ बसा. त्याच्या आजूबाजूला तेव्हा काय चाललंय ते बघा. ज्याला सांगता येत नाही तो फार भ्यालेला असतो.

भीती माझीही पुरती गेलेली नाही. परवा मामा 'कोथिंबीर' म्हणत होते, आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. 'कोथिं' ऐकला आणि काळोख. वीज आली, मी जीव मुठीत धरून डोळे उघडले, तर मामा माझ्याकडे तोंड करूनच बसले होते. त्यांनी घसा साफ केला.

मामी म्हणाल्या, "अहो, अंधारातच पुरा केलात की तो शब्द. परत कशाला?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "त्यानं... ऐकला नाही," म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटला.