कुंकवाखालचा आकडा

मित्रांनो, नाक धरायचं असेल तर आत्ताच धरा. मी एक जुना ब्लॉक आहे, म्हणजे डिझेल इंजिनाचं धड. मुरबाड तालुक्यात, धसईच्या वाटेवरच्या एका पाड्यात भाताची गिरण आहे, तिथे मी असतो. माझ्या अंगाला जो वास येतो तो माझा नाही, माणसांच्या प्रेमाचा आहे.

जन्मलो तेव्हा मी स्वच्छ होतो. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि माझ्या कुशीवर काही आकडे उमटले. ते वरून कोरलेले नव्हते, माझ्याच लोखंडातून वर आलेले होते. मी कुठल्या घडणीचा, मला कुठला सुटा भाग बसेल, हे सगळं त्यावरून कळतं. तुमची जन्मखूण असते ना, तशी ती माझी खूण.

बरीच वर्षं शहापूरकडे एका विहिरीवर पाणी उपसून मी पंढरीबाबाच्या या गिरणीत आलो. बाबा देवमाणूस, पण फडक्याशी त्याचं वैर. माझी नावाची पितळी पट्टी कधीच गळून गेली होती. मी उघडाबोडका दिसतो म्हणून त्याने भंगारातल्या दुसऱ्याच इंजिनाची पट्टी माझ्या छातीवर ठोकली. शी! मेलेल्याचं नाव मिरवत मी पाड्याचं भात भरडत राहिलो.

आणि दसरा! तुम्हाला तो सण वाटतो, मला अंगावर काटा येतो. बाबा हिरवा ऑइलपेंट आणायचा आणि तेल, कोंडा, कोंबड्यांची घाण, सगळ्यावरून तसाच ब्रश फिरवायचा. मग कुशीवर, नेमका आकड्यांवर, ओल्या कुंकवाचा टिळा. त्यावर नारळाचं पाणी, त्याला मुंग्या. झेंडूची माळ सडून काळी पडली तरी पुढच्या दसऱ्यापर्यंत कोणी काढायचं नाही. लोक म्हणायचे, "पंढरीनं इंजिनाला देवावानी ठेवलाय." देवालासुद्धा आंघोळ घालतात रे, मी मनात म्हणायचो.

बाबा गेला आणि गिरण सून भागीच्या हाती आली. गेल्या साली नवं भात घरोघरी आलं आणि नेमका तेव्हाच मी बसलो. डोक्याखालचं गॅसकेट, म्हणजे पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी भोकांची चकती, फाटलं, पाणी तेलात शिरलं आणि माझ्या पोटात पांढुरका, बुळबुळीत लगदा झाला. भागीने झाकण उघडलं नि तोंड फिरवलं. तिला दोष देत नाही. माझीच मला किळस येत होती.

तिने पट्टीवरचा नंबर मुरबाडला नेला. दुकानदार रवींद्रने त्या नंबराचं गॅसकेट दिलं, पण भोकं जुळेनात. बदलून आणलं, तरी तेच. पाड्यातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन धसईच्या गिरणीला जाऊ लागल्या. भागीचा धाकटा दीर जाणू तंबाखू मळत म्हणाला, "वयनी, याच्यात आता दम नाय. उद्या भंगारवाल्याचा टेम्पो येतोय, देऊन टाकू." आणि पचकन माझ्या पायाशी थुंकला. माझ्याच जिवावर लहानाचा मोठा झालेला माणूस!

भागीने रवींद्रला फोन लावला. "भोका जुलत नाय रे अजून. गिरण बंद झाली तर आमी खायचा काय?"

"ताई, पट्टीवर जाऊ नका," तो म्हणाला. "पट्टी कोणीपण ठोकतो. ब्लॉकच्या बाजूला लोखंडातच उठलेले आकडे असतील. त्यांचा फोटो पाठवा."

तिने माझ्या अंगभर हात फिरवला. आकडे कुठेच लागेनात. राहिली एकच जागा, कुशीवरचं कुंकवाचं ढेकूळ.

"तिथं हात नको लावू!" जाणू ओरडला. "बाबाच्या हातचा कुंकू हाय तो. खरवडलास तर वाटोळा होईल."

भागीने हात मागे घेतला. सासऱ्यावर तिचाही जीव होता. माझा मात्र जीव टांगणीला लागला. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. शेवटी तिने कुंकवाला हात जोडले, पदर खोचला आणि खुरपं उचललं. "बाबांनी याला चालावा म्हणून पूजला," ती म्हणाली, "भंगारात जावा म्हणून नाय."

काय काय निघालं म्हणून सांगू! कुंकू, त्याखाली रंग, रंगाखाली तेलकट कोंडा, परत कुंकू आणि मध्येच एक झुरळ, तेही हिरवं रंगवलेलं. भागीला उमासे येत होते, पण हात थांबला नाही. डिझेलच्या फडक्याने तिने जागा पुसली, वरून पिठाचा तळवा फिरवला आणि माझे आकडे पांढरे होऊन वर आले. पट्टीशी त्यांचा काही संबंध नव्हता. किती वर्षांनी मला कोणी माझ्या नावाने पाहिलं!

भंगाराचा टेम्पो रिकामा परतला. आकड्यांचा फोटो बघून रवींद्रने धाडलेलं गॅसकेट चपखल बसलं. भागीने पोटातला लगदा उपसला, नवं तेल ओतलं, हँडल मारलं आणि मी खोकत का होईना, उठलो.

यंदाच्या दसऱ्याला जाणू पेंटचा डबा आणि कुंकवाची वाटी घेऊन आला. भागीने त्याचं मनगट धरलं आणि हातात फडकं दिलं. "आधी पूस."

त्याने पुसायला घेतलं. माझ्या पायाशी त्याच्याच पिचकाऱ्यांचे थर होते. "शी गो वयनी!" तो नाक मुरडून म्हणाला. "आता कळला?" भागी म्हणाली. मग तिने चाकाला टिळा लावला आणि माझी कूस मोकळी सोडली.

मित्रांनो, ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला हार घालण्याआधी त्याचं अंग पुसा. कुंकूही लावा, माझी ना नाही. फक्त ते माझ्या नावावर लावू नका.