प्रभूच्या पंगतीचा परवाना

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. शिशाचा, चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या लोहाराने मला साच्यात ओतलं, तेव्हा इथल्या चर्चला धड छप्परही नव्हतं. दिसायला मी काहीच नाही, पण माझा तोरा विचारू नका!

वर्षातून दोनदा प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या आठवणीत एका टेबलाशी बसून भाकर आणि द्राक्षारस वाटून घ्यायचा विधी. त्याआधी मंडळीचे वडील, म्हणजे चर्चने निवडलेले ज्येष्ठ, घरोघर जाऊन परीक्षा घेत. धर्माची प्रश्नोत्तरं पाठ आहेत का, वागणूक सरळ आहे का? उत्तीर्ण झालात तर मी तुमच्या तळहातावर. मला दाखवल्याशिवाय प्रभूच्या टेबलाशी कुणाला बसता येत नसे. मला वाटे, स्वर्गाची किल्ली ती मीच.

एके वर्षी मर्डो मॅकॅस्किल नावाचे एक ज्येष्ठ एफीच्या दारात आले. एफी कोळ्याची विधवा. प्रश्नोत्तरं तिने घडाघडा म्हटली. मी मर्डोच्या थैलीतून अर्धा बाहेर आलोही होतो.

"रविवारी जाळी ओढलीस म्हणे?" मर्डोने विचारलं.

"वादळ आलं होतं, काका. जाळी वाहून गेली असती तर हिवाळ्यात पोरांना काय, दगड उकडून घालू?"

"शब्बाथ म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी काम नाही."

"येशूने शब्बाथाच्याच दिवशी आजारी बरे केले. मग त्यालाही बिल्ला देऊ नका!"

मर्डोने मला परत थैलीत टाकलं. एफी मरेपर्यंत मागच्या बाकावर बसली. पुढे भाकर वाटली जायची आणि ती मान ताठ ठेवून बघायची. मला माझीच लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

पुढे बिल्ल्यांची चाल मोडली. मला काचेच्या पेटीत, मखमलीवर ठेवलं. पाहुणे म्हणायचे, "किती गोड!" गोड? एफीला विचारा.

खाणी बंद पडल्या, तरुण माणसं पश्चिमेला गेली. चर्चमध्ये अकरा डोकी उरली. यंदाच्या हिवाळ्यात, जिथे गरजूंना सूप वाढलं जाई त्या तळघरात पाणी शिरलं, तेव्हा एफीची खापरपणती मोराग म्हणाली, "गरजूंचं शनिवारचं सूप वरच वाढू. प्रभूच्या टेबलावर."

मर्डोचा खापरपणतू हेक्टर उसळला. "दारुडे, नास्तिक, कुणीही येऊन त्या टेबलाशी बसणार?" पेटी उघडून त्याने मला सगळ्यांपुढे नाचवलं. "आपल्या वाडवडिलांनी दार राखलं होतं!"

"राखलं ना! म्हणून तर आत अकराच उरलोय. आण इकडे तो," मोराग म्हणाली.

बाहेर बर्फात रांग उभी होती. पातेलं ठेवताच टेबल डुगडुगलं, त्याचा एक पाय आखूड. मोरागने मला हेक्टरच्या हातातून काढून घेतलं आणि खाली वाकून त्या पायाखाली सरकवलं. टेबल घट्ट उभं राहिलं.

हेक्टर बराच वेळ घुश्शात होता. मग त्याने सूप चाखलं. "मीठ कमी आहे," तो म्हणाला आणि पळी घेऊन वाढायला लागला.

मित्रांनो, माझ्या वयाचे सगळे शेवटी विनवतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ पुसा. मी नाही विनवणार! शिसं मऊ असतं. माझ्यावर उमटवलेलं वर्ष कधीच झिजून गेलं, चर्चच्या नावाचं अक्षरही चाललंय. जाऊ दे. जपायचं तर दारात कुडकुडणाऱ्याला जपा. मला पुन्हा काचेत ठेवाल तर खबरदार! ज्या टेबलापासून मी एफीला अडवलं, ते आता माझ्या पाठीवर उभं आहे. दर शनिवारी तिथे कुणीही येऊन बसतं, आणि मी सुपाचा थेंबही सांडू देत नाही.